चौथी होडी

१२ जानेवारी

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला आणि उत्तर आज लिहितोय, याची लाज वाटते. मधे सर्दीने पडलो होतो, मग चष्म्याची दांडी मोडली, मग सुनेने बाहेरच्या खोलीला रंग काढला आणि तुझं पत्र कुठल्यातरी खोक्यात गेलं. कारणं सगळी खरी आहेत, पण त्यांनी दीड महिना भरत नाही हे मलाही कळतं. माफ कर.

तू दोनदा फोन केलास तेव्हा मी काहीतरी भलतंच बोललो असेन. आमच्याकडे लाईन फार खराब आहे. सून सांगत होती की तू परीक्षेचं विचारत होतीस आणि मी सांगत होतो, हो, आत्ताच जेवलो. तेव्हा पत्रच बरं.

तू फायबर तपासायच्या कामाला लागलीस हे वाचून ऊर भरून आला. पवनचक्क्यांची पाती, रसायनांच्या टाक्या, आणि काही न कापता, न फोडता आतलं बघायचं. आम्हीही तेच करायचो. तुमच्याकडे यंत्र आहे, माझ्याकडे बोराएवढ्या डोक्याची पितळी हातोडी होती. तू विचारलंस म्हणून सांगतो. आधी सगळे पंखे बंद करायला लावायचे. डावा तळवा होडीवर सपाट ठेवायचा आणि उजव्या हाताने दोन-दोन बोटांच्या अंतरावर टकटक करत जायचं. फायबरचे थर एकमेकांना धरून बसले असतील तर आवाज टणक, खणखणीत येतो. आत हवा राहिली असेल, थर सुटले असतील, तर बद्द येतो, तडा गेलेल्या कपासारखा. बद्द लागलं की तिथे निळ्या खडूने वर्तुळ काढायचं. वर्तुळ पडलं की होडी बाद. होड्या बंदरावरच्या होत्या ना, वादळात सापडलेल्या माणसांना आणायला जायच्या. तिथे दयामाया नव्हती.

कारखान्यात मला कानसेन म्हणायचे आणि तुझ्या बाबाला इस्त्री. साच्यात फायबरची चादर अंथरून, वर राळ ओतून तो असा काही रोलर फिरवायचा की घडी म्हणून राहायची नाही. मोठ्या, जाड होड्या त्याच्याकडेच असायच्या.

तुमच्या अंगणात उलटी पडलेली होडी मला चांगली आठवते. त्याच्या शेवटच्या हंगामात चार बाद झाल्या, त्यातली ही चौथी. आधीच्या तिन्ही मालकाने करवतीने कापायला लावल्या, ही त्याला घरी नेऊ दिली. खडू केव्हाच धुऊन गेला असेल. वर्तुळ डाव्या कुशीला होतं, मागच्या टोकापासून तीन हात पुढे आणि काठापासून वीतभर खाली. अख्ख्या होडीत तुझ्या यंत्राला काही सापडत नाही म्हणतेस. यंत्राखाली लावायचं जेल कमी लावलं असशील. नाहीतर यंत्र नवं आहे, हात नवा आहे. होतं असं. पुन्हा करून बघ.

बाबाला माझा नमस्कार सांग. नको, राहू दे, मीच कधीतरी लिहीन.

तुझा काका

२९ जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुम्ही जागा अगदी नेमकी सांगितलीत. अकरा वर्षांनी वीतभर खाली हेसुद्धा लक्षात आहे. मी बाबांना पत्र वाचून दाखवलं. कानसेन म्हटल्यावर हसले, इस्त्री म्हटल्यावर उठून बाहेर गेले.

रविवारी होडीखालच्या सायकली बाहेर काढल्या, डावी कूस घासून पुसून घेतली आणि पेन्सिलीने बोटाबोटाचे चौकोन आखले. जाड फायबरमध्ये आवाज लवकर विरतो म्हणून कामावरून मुद्दाम खालच्या आवाजाचा प्रोब मागून आणला. जेल इतकं लावलं की आई म्हणाली, लग्न आहे का हिचं. एकेका चौकोनावर प्रोब टेकवत गेले. आवाज आत जातो, पलीकडच्या पृष्ठभागावरून परत येतो आणि पडद्यावर एक उंच रेघ उठते. मधे थर सुटलेला असेल तर ती रेघ अलीकडेच उठायला हवी, किंवा तळाची रेघ नाहीशी व्हायला हवी. सगळ्या चौकोनांत तळाची रेघ जागच्या जागी होती. एकशे बारा चौकोन, काका.

आमचे साहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, धरणारा बोलतो." सगळे हसले, मीही हसले. पण मार्चअखेर माझी दुसऱ्या पातळीची परीक्षा आहे. ती झाली की तपासणीच्या कागदावर माझी सही चालेल. जिथे दोष आहे हे मला आधीच माहीत आहे तिथेही तो दिसत नसेल, तर जिथे माहीत नाही तिथे मी काय सही करणार?

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. मी या कामात आले ती त्या होड्यांपायी. मला बघायचं होतं की बाबांच्या हातून नेमकं काय चुकत होतं. कारखाना सोडल्यापासून त्यांनी राळेला हात लावलेला नाही. शाळेच्या फाटकावर राखणीला बसतात. घरातली फुटकी बादलीसुद्धा जोडत नाहीत. माझ्या हातात हवा राहते, म्हणतात. मी म्हटलं, बाबा, यंत्राला तर काही दिसत नाही. तर म्हणाले, "त्याचा कान आहे तो. त्याने बद्द म्हटलं म्हणजे बद्द."

माझं काय चुकतंय ते सांगा.

तुमची
पोर

८ फेब्रुवारी

चि. पोरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझा बाबा असं म्हणाला हे वाचून मला कसंतरीच झालं. दोन दिवस जेवण गेलं नाही. सुनेला वाटलं भाजीत मीठ जास्त झालं, ती बिचारी उगीच ओशाळली.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, तुझ्या यंत्रातलं मला काय कळणार. पण मला वाटतं, इतकी वर्षं होडी उन्हापावसात पडून आहे, कदाचित सुटलेले थर आपोआप दाबून बसले असतील. असं होऊ शकतं का, साहेबांना विचार. म्हणजे तेव्हा दोष होता आणि आता नाही. मग मीही खरा, तूही खरी आणि यंत्रही खरं.

परीक्षेची काळजी करू नकोस. मन लावून अभ्यास कर, डोळ्यांना जप. होडीच्या मागे लागू नकोस. सायकली पुन्हा आत ठेव, गंजतील.

आमच्याकडे सगळं ठीक. टीव्हीवरून रोज कटकट होते. सून म्हणते, मामंजी, आवाज कमी करा, अख्ख्या गल्लीला बातम्या कळतात. ऐकतो मी, पण कमी केला की ती माणसं नुसती तोंडं हलवताना दिसतात. वय झालं, दुसरं काय.

लिहायचं बरंच होतं. पुढे लिहीन.

काका

२० फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

साहेबांना विचारलं. सुटलेला थर आपोआप कधी बसत नाही, म्हणाले. उलट ऊन-पाण्याने वाढत जातो. म्हणजे तेव्हा होता तर आज त्याहून मोठा असला पाहिजे. तरीही मला तो दिसत नाही.

आता एकच उपाय उरला आहे. कापून बघायचं. तेवढा तुकडा काढायचा, कड घासून गुळगुळीत करायची आणि भिंगाखाली थर मोजायचे. दोष असेल तर डोळ्यांनी दिसेल, मग मी त्याची जागा माझ्या नोंदींशी ताडून बघेन आणि माझी चूक कुठे झाली ते कळेल. ९ मार्चला रविवार आहे, त्या दिवशी करू. मला वाटलं होतं बाबा नाही म्हणतील. इतकी वर्षं त्यांनी त्या होडीवर कुणाला कपडेसुद्धा वाळत घालू दिले नाहीत. पण ते स्वतःच पेन्सिल घेऊन आले आणि तुमचं पत्र बघून माप घेऊन चौकोन आखला. म्हणाले, "काप. मलाही एकदा बघू दे माझं पाप."

परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख १० मार्च आहे. मी भरणार नाही असं ठरवलंय. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, नाहीतर साहेबांना सांगून कचेरीतलं काम मागून घेईन. माझ्या सहीच्या भरवशावर कुणी टाकीखाली उभं राहावं एवढी माझी लायकी नाही.

तुम्हाला जमलं तर या. एकदा तुम्ही हात लावून दाखवलंत तर बरं होईल.

तुमची
पोर

३ मार्च

चि. पोरीस,

कापू नकोस.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली. आज पोस्टात टाकतो आणि रविवारच्या आत ते तुला मिळावं एवढीच इच्छा आहे. बाकीचं निवांत वाच, पण करवत बाजूला ठेवून वाच.

तुझ्या यंत्रात दोष नाही. तुझ्या हातात नाही. होडीतही नाही.

आमच्याकडे भिंतीवर खिळ्याला फायबरचा एक तुकडा टांगलेला असायचा, वहीच्या पानाएवढा, जाड, निर्दोष म्हणून पारखून घेतलेला. त्याला आम्ही गुरुजी म्हणायचो. रोज सकाळी कामाआधी मी गुरुजींना हातोडी मारायचो, खणखणीत आवाज कानात भरून घ्यायचो, आणि मग दिवसभर त्याच्याशी ताडून बघायचो. त्या हंगामात एका सकाळी गुरुजी बद्द वाजले. मला वाटलं, तुकडा जुना झाला, ओल धरली. कचऱ्यात टाकला. दुसरा टांगला, तोही बद्द. तोही टाकला. तीन तुकडे बदलले, पोरी. आपला कान तर गेला नाही ना, हे डोक्यात आलं नाही. एकतीस वर्षं ज्या कानावर पगार घेतला त्याच्यावर कोण शंका घेतो?

निवृत्त झाल्यावर कानाच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. खालचे आवाज ठीक, वरचे गेलेले. टणक, बारीक आवाज जो असतो ना, तो वरचा. पातळ होड्या मुळातच थोड्या खालच्या सुरात वाजतात, त्या मला ऐकू येत राहिल्या. जाड होडी जितकी चांगली तितकी वरच्या सुरात वाजते. आणि जाड होड्या तुझा बाबा करायचा. म्हणून फक्त त्याच्याच बद्द लागल्या. त्याचं काम चांगलं होतं म्हणून मला ते ऐकू येत नव्हतं.

मी तुला जेल कमी लावलंस म्हटलं, थर आपोआप बसले म्हटलं. दोन्ही वेळा मला माहीत होतं. फोनची लाईनही खराब नाही.

तू अर्ज भर. एकशे बारा चौकोनांत तू जे सांगितलंस ते खरं आहे. बाबाला काय सांगायचं ते तू ठरव. मला सुचत नाही.

काका

१२ मार्च

काका,

तुमचं पत्र काल मंगळवारी आलं. आम्ही रविवारीच कापलं.

काय झालं ते सगळं सांगते, तुम्हाला कळायला हवं. बाबांनी आखलेला चौकोन मी कापून काढला, कड घासली, पाण्याने धुतली. बाबांनी ती अंगठ्याने चाचपली, मग भिंगातून बघितली, बराच वेळ. नऊ थर, एकमेकांत बसलेले. टाचणीच्या टोकाएवढीही हवा नाही. मला आनंदाने रडू आलं. मी म्हटलं, बाबा, बघा, तुमचं काम. तर त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि म्हणाले, "आपण जागा चुकलो. त्याने सांगितलेलं माप त्याच्या हाताचं असणार. त्याचा हात माझ्यापेक्षा लांब आहे." आणि चार बोटं पुढे दुसरा चौकोन आखला.

तोही स्वच्छ निघाला. मग तिसरा. मी नको नको म्हणत होते. तिसरा त्यांनी स्वतः कापला. संध्याकाळपर्यंत डाव्या कुशीला पाच भोकं झाली होती आणि बाबा हातात करवत घेऊन जमिनीवर बसले होते. म्हणाले, "कुठे असेल गं? तो चुकायचा नाही."

सोमवारी बाबांना एकटं सोडून जाववलं नाही; दहा तारीख गेली, अर्ज राहिला.

तुम्ही सुनेला सांगून एक फोन करवला असता तरी चाललं असतं. मला एकच ओळ पुरली असती.

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलेलं नाही. त्यांना विचारलं, काकांचं काय मत असेल? तर म्हणाले, "त्याला कळवू नकोस. जागा सापडली नाही म्हणून त्याला वाईट वाटेल." हे ऐकल्यावर तुमचं पत्र वाचून दाखवणं माझ्याने झालं नाही. ते माझं काम नाही, काका, तुमचं आहे. त्यांना चष्मा लावून वाचता येतं. मोठ्या अक्षरात लिहा.

पोर

१५ मार्च

प्रिय इस्त्री,

मोठ्या अक्षरात लिहितोय. कागद जास्त लागतील, पण सगळे वाच. मधेच ठेवून देऊ नकोस.

तू होडी कापत सुटलास ते पोरीने कळवलं. तिच्यावर रागावू नकोस. तुला जागा सापडली नाही कारण जागा नव्हती. तुझ्या चारही होड्या चांगल्या होत्या. माझा कान गेला होता. वरचे आवाज मला ऐकू येईनासे झाले होते आणि तुझं जाड, पक्कं काम वरच्या सुरात वाजतं, म्हणून मला ते बद्द लागायचं. पोरीला मी हे सविस्तर लिहिलंय, ते पत्र तिच्याकडून मागून घे. पण तिलाही मी एक गोष्ट खोटी लिहिली. ती तुझ्यासाठी ठेवली होती म्हणतो, पण खरं तर धीर झाला नाही.

तिला लिहिलं की निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. तसं नाही. तुझी तिसरी होडी बाद झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात कारखान्यातच सगळ्यांची तपासणी झाली होती, आठवतं? तू डोळ्यांच्या रांगेत होतास आणि मला हाक मारून म्हणालास, "कानसेन, तू कशाला उभा आहेस, डॉक्टरलाच दोन गोष्टी शिकवून ये." सगळे हसले. मी आत गेलो. त्या काचेच्या खोलीत कानांवर टोप्या चढवल्या आणि आवाज आला की बटण दाब म्हणाले. सुरुवातीच्या खालच्या आवाजांना दाबलं, मग मी बसून राहिलो. मला वाटलं पुढचे आवाज अजून सुरूच झाले नाहीत. तपासणाऱ्या बाईंनी दार उघडलं तेव्हा संपलं होतं.

त्या तपासणीचा कागद मी चार घड्या करून खिशात ठेवला. मालकापर्यंत जाऊ दिला नाही.

त्यानंतर तुझी चौथी होडी आली. मधे तू एकदा दुपारच्या सुट्टीत रोलर हातात घेऊन माझ्याकडे आला होतास. तुझ्यासारखा माणूस, वीस वर्षं साचे हाताळलेला, मला विचारत होतास, "माझं काय चुकतंय, तू ऐकतोस, तूच सांग." तेव्हा कागद माझ्या खिशात होता, इस्त्री. आणि मी म्हणालो, तू घाई करतोस, कडेला रोलर नीट दाबत नाहीस. तू मान डोलावलीस. त्या होडीवर तू दुप्पट वेळ लावलास. लोक म्हणायचे, हा होडी करतोय की बाळाला तेल लावतोय.

ती तपासताना मी हातोडी नुसती वाजवत गेलो. ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. पण डावा तळवा टेकलेला होता आणि तळव्याला कळत होतं. कुठे थरथर नाही, कुठे पोकळी नाही, एकसारखी घट्ट. माझ्या हाताखालून गेलेली ती सगळ्यात चांगली होडी होती. ही पास केली तर आधीच्या तीन कशा बाद झाल्या, असं मालक विचारणार. कोणी त्या कापलेल्या होड्यांचा एखादा तुकडा पुन्हा तपासला तर सगळं बाहेर येणार. निवृत्तीला माझे सात महिने राहिले होते. मी खडू काढला आणि जिथे माझा हात होता तिथे वर्तुळ काढलं. म्हणून ती जागा मला वीतभर मापाने आठवते. बाकीच्या तिन्हींच्या आठवत नाहीत.

वर्तुळाकडे बघितलंस, हात पुसलेस आणि फडकं घडी करून ठेवलंस. पंधरा दिवसांनी काम सोडलंस. मी तुला थांब म्हटलं नाही, आणि तुझ्या निरोपाच्या चहातून सगळ्यांच्या आधी घरी गेलो.

पोरीला फोन करवला असता तर तुझी होडी वाचली असती, तिचा अर्जही वेळेत भरला गेला असता. सुनेला सांगितलं असतं तर सुनेला कळलं असतं, मुलाला कळलं असतं, म्हणून पोस्टाने पाठवलं. या वयातही मी माझंच बघितलं. यावर तुला काय सांगू?

पोरीच्या साहेबांनाही मी वेगळं पत्र लिहिलंय. खाली पूर्ण नाव घालून सही केली आहे. त्यात लिहिलंय की तिने जिथे दोष नाही म्हटलं तिथे तो नव्हता, आणि तिची चूक धरणारा माणूस बहिरा होता. त्याचा उपयोग होईल की नाही ठाऊक नाही. कारखान्याचे मालक गेले, आता तिथे त्यांचा पुतण्या बसतो. त्यालाही लिहिणार आहे, पण आधी तुला विचारून. तुझं नाव त्यात यायला हवं की नको, हे मी एकट्याने ठरवायचं नाही.

माफ कर असं लिहिलं होतं, खोडलं. तुझ्याकडे ते मागायला तोंड नाही. पण तुझ्या हातात हवा राहते असं पुन्हा कधी म्हणू नकोस, ते खोटं आहे आणि ते खोटं माझं आहे. त्या पाच भोकांचे तुकडे फेकू नकोस. ते भिंतीला लाव नाहीतर पोरीला दे, पण ठेव.

तू मला दोन शब्द लिही. काय वाटतं ते लिही, शिव्या असल्या तरी चालतील. फोन करू नकोस, शिव्यासुद्धा मला आता धड ऐकू येत नाहीत. पोस्टमन आमच्याकडे अकराला येतो आणि मी साडेनऊपासून पायरीवर बसतो. लवकर कळव.

कानसेन